दुसरा पाणबुड्या

प्रिय दादा,

तू गेलास तरी तुझ्या प्रवाळ वाचवायच्या कामाला पुढच्या वर्षीचं अनुदान मंजूर झालंय.

गेल्या वर्षी अर्ज मीच लिहिला होता. खर्च मर्यादेत बसेना, म्हणून तुझ्यासोबत उतरणाऱ्या दुसऱ्या पाणबुड्याचा पगार मी खोडला. तू हसून म्हणालास, "खोड गं, समुद्र काय मला नवा आहे?" तुझा पाय मासेमारीच्या फाटक्या जाळ्यात अडकला, तेव्हा सोडवायला खाली कोणीच नव्हतं.

हे खोडलेलं वहिनीला माहीत नाही.

आजच्या पत्रात समितीने लिहिलंय, "इतक्या कमी माणसांत काम कसं करावं, हे इतरांनी तुमच्याकडून शिकावं."

वहिनी डोळे पुसत म्हणाली, "परत एकदा वाच ना."

मी वाचलं.

तुझी,
अर्ज लिहिणारी बहीण