मोटारीच्या पोटातली हळद

बाबा, तुमच्या त्या जुन्या मोटारीची आठवन आली की आजबी मले शिसारी येते. मेल्या मानसाबद्दल असं बोलू नाही म्हनतात. म्हनू द्या. रेडिएटरातून पानी गळून राह्यलं होतं तवा वाशिमच्या कारागिरानं सांगतलंच होतं, काढून, डाख देऊन भोक बुजवून घ्या. पन मोटार दुसऱ्याच्या दारात ठेवनं तुमच्या जीवावर आलं. आपल्याच मळ्यातली हळद कुटली अन् मुठी-मुठीनं आत ओतली. गळती थांबली, तुमी मिशीवर ताव देत गावभर सांगत फिरले, अन् त्या दिसापासून मोटार उकळाले लागली.

मंग तो वैशाख. मी माहेरी आलेली, माय तापानं फनफनून राह्यली. आपल्या रिठदहून तिले मोटारीत घालून आपन वाशिमच्या डॉक्टरकडे निघालो, अन् अर्ध्या रस्त्यात भसाभस वाफ! मी वाकून हात लावते, तं वरची रबरी नळी चटका देते, खालची गार. म्हनलं, "बाबा, पानी खाली उतरूनच नाही राह्यलं. आत कायतरी अडकलं हाय."

"चूप बस. बायकायले मोटार समजाले लागली तं झालंच! तहान लागली तिले."

तहान! मांगं माय ओठ चाटत पडली हाय, अन् तुमी तिच्या उशाची घागर उचलता. मी आडवी आली तं म्हनता, "मोटार चालली तंच माय दवाखान्यात जाईन. सरक." सारी घागर ओतली. वळनापर्यंतबी गेलो नाही, तं झाकन उडालं, अन् तुमचीच हळद सडका पिवळा लगदा होऊन तुमच्या सदऱ्यावर आली. त्याची घान अजून नाकात हाय. थू!

शेवटी मांगून आलेल्या बैलगाडीवाल्यानं तिले गाडीत घेतलं, आपला तांब्या पुढं केला. मायनं डोळे उघडले अन् म्हने, "आधी त्यायले द्या. उन्हात दमले ते."

अन् तुमी घेतला! गटागटा प्यायले.

माय वाचली. आता माझ्याच घरी राह्यते, तुमचं नाव निघालं की पदर सावरून म्हनते, "देवमानूस होता." आत्ता चुलीपासून इचारून राह्यली, "कोनाले लिवून राह्यली वं?" म्हनलं, कोनाले नाही.

तुमच्यावरचा माझा राग कवाच ओसरला, बाबा. तिच्यावरचा नाही ओसरत.