ससाण्याला वारा हवा

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी. विद्यापीठाच्या व्हिडिओ मीटिंगा आजपासून आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर. सॉफ्टवेअर ओपन सोर्स. परक्या कंपनीची मिंधेगिरी नाही, आपला एक शब्द बाहेर जाणार नाही. सर्व्हरचं नाव 'ससाणा' ठेवलंय. मुक्काम तिसऱ्या मजल्यावर, माझ्याच खोलीत, कारण तळघरात पाणी येतं. रेक्टर वुकाशिन म्हणाले, रातोमिर, चालवून दाखव. २७ तारखेला सिनेट मत घेईल, नाही जमलं तर कंपनीची सेवा भाड्याने घेऊ. मी म्हटलं, २७ कशाला, आठवडा पुरे.

५ मार्च, बुधवार
पहिली मीटिंग, कृषी विभागाची. अडतीस मिनिटं उत्तम. मग ससाणा गप. हात लावला तर चटका बसला. आमच्या हीटरमध्ये गरम पाणी नगरपालिकेच्या नळातून येतं, त्याला बटण नाही, खोली किती तापवायची ते नगरपालिका ठरवते. विभागप्रमुख स्तामेनाबाई फोनवर म्हणाल्या, इतकी छोटी मीटिंग तीस वर्षांत झाली नव्हती. कौतुकच म्हणायचं.

७ मार्च, शुक्रवार
उपाय सापडला! खिडकी उघडली, समोरचं दार उघडलं. ससाणा दहा मिनिटांत थंडगार. तेवढ्यात सफाईच्या झिवानामावशी धावत आल्या आणि दोन्ही धाडधाड लावून घेतलं. म्हणाल्या, प्रोफेसर, जीव नकोसा झालाय का? माझा मेव्हणा असाच आरपार वाऱ्यात बसला, तोंड वाकडं झालं, लग्नाच्या फोटोतही वाकडंच आलं.

मी विज्ञानाचा माणूस. अंधश्रद्धा मानत नाही. पण आरपार वारा ही अंधश्रद्धा नव्हे. मान धरते, कान जातो, मूत्रपिंडं तर हमखास. मावशींचे आभार मानले, मफलर गुंडाळला.

१० मार्च, सोमवार
संकल्प: शिस्त. सम तासाला खिडकी उघडी, विषम तासाला दार. दोन्ही एकदम कदापि नाही. तक्ता करून भिंतीवर लावला, रंगीत.
संध्याकाळी ५: चार मीटिंगा, चारही अडतिसाव्या मिनिटाला बंद. सातत्य वाखाणण्यासारखं.

१३ मार्च, गुरुवार
बायकोने, रुझित्साने, घरचा पंखा दिला. पण पंखा म्हणजे तरी काय, वाराच की. भिंतीकडे तोंड करून ठेवला. भिंत थंड झाली. रुझित्सा म्हणाली, अरे रातो, पंखा ससाण्याकडे फिरव ना. तिला काय सांगायचं! मध्ये मी बसतो.

१८ मार्च, मंगळवार
आज विदोसावाची पीएचडीची तोंडी परीक्षा. मक्याच्या किडीवर सहा वर्षं राबली बिचारी. बाहेरचे परीक्षक खाकरून म्हणाले, तर एकंदरीत माझं मत असं आहे की, आणि ससाणा बंद. विदोसावाला वाटलं, नापास. रडू आवरेना. आई केक घेऊन बसलेली, तीही रडायला लागली. निकाल शेवटी फोनवर कळला. पास.
मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मात्र परीक्षकांनी प्रस्तावना जरा आटोपती घेतली असती तर ही वेळच आली नसती.

२१ मार्च, शुक्रवार
रेक्टरांचा फोन. म्हणाले, गुरुवारची सिनेटची मीटिंग आणि मतदान तुझ्याच ससाण्यावर. तिथे बंद पडला तर मला तोंड दाखवू नकोस. म्हणजे विश्वास अजून आहे.

२६ मार्च, बुधवार
झिवानामावशींना सगळं खरं सांगून टाकलं, आरपार वारा नसला की ससाणा बंद पडतो. त्या मटकन खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, मेल्या, तीन आठवडे मिठाची गुळणी धरून बसला होतास? अर्ध्या तासात घरून लोकरी टोपी, दोन शाली आणि कमरेला बांधायचा लोकरीचा पट्टा घेऊन आल्या. छातीला चोळायला घरी गाळलेली प्लमची दारू, राकिया. उद्या दारात स्वतः उभ्या राहणार, कुणाला दार लावू देणार नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. राकियाचा वास फार उग्र होता.

२७ मार्च, गुरुवार
दुपारी ३:४०
दोन तास दहा मिनिटं! खिडकी सताड, दार सताड, मध्ये मी. मान डावीकडे वळत नाही, पण ससाणा एकदाही अडखळला नाही. बेचाळीस सदस्य, प्रत्येकाचा चेहरा स्वच्छ, प्रत्येकाचा शब्द न् शब्द ऐकू आला. सगळे बोलले. काही दोनदा बोलले. कुणीतरी मध्येच विचारलं, ती कंपनीची स्वस्तातली सेवा चाळीस मिनिटांत आपोआप बंद होते म्हणे, खरं का? रेक्टर म्हणाले, खरं आहे. बरीच डोकी हलली. उत्साह दिसत होता.

मग मतदान. सदस्यांनी बटण दाबलं की दोन सेकंदांत निकाल. मला मत नव्हतं. चालकाने मत द्यायचं नाही, हा नियम मीच केलाय, निःपक्षपातीपणासाठी.

कंपनीची सेवा: ४१. ससाणा: १.

एक! काय वाटलं ते लिहिता येत नाही. अख्ख्या सिनेटमध्ये एक तरी माणूस निघाला. एवढ्यावर मी पुढची दहा वर्षं काढीन. मावशींना सांगितलं, त्यांनी पाठीवर थाप मारली, मान आणखी आखडली.

दुपारी ४:१५
स्तामेनाबाईंचा फोन. म्हणाल्या, रातोमिर, चष्मा सापडत नव्हता रे, भलतंच बटण दाबलं गेलं माझ्याकडून. दुरुस्त होईल का?
म्हटलं, न व्हायला काय झालं? सर्व्हर आपला आहे. कंपनीकडे असता तर अर्ज करून तीन दिवस वाट बघत बसला असतात.
एका मिनिटात करून दिलं. ४२–०.