मागणारे हात मागे

२ फेब्रुवारी

चि. चिमीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. विशेष लिहिण्यासारखं काही नाही, पण शाई आहे, वेळ आहे आणि खिडकीत ऊन आहे, म्हणून लिहितो.

परवा तुझ्या चिरंजीवांचा फोन आला होता. सभागृहात निवडून गेल्यापासून बाळचा आवाज भारदस्त झालाय, पण मामाशी बोलताना तो अजून गृहपाठ विसरलेल्या मुलासारखाच चाचरतो. मोठं भाषण आहे, एक वाक्य अडलंय, जरा बघता का, म्हणाला. वाक्य असं होतं: जे राबतात त्यांचा विचार प्रथम व्हायला हवा आणि जे केवळ मागत राहतात त्यांनी आपली पाळी येईपर्यंत थांबावं. लंगडं घोडं गं नुसतं! दोन पावलं टाकतं आणि बसतं.

मी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली. जन्मभर वर्गात कविता शिकवली, ती काही वाया गेली नाही बघ. 'मागणारे हात मागे, राबणारे हात आधी.' म्हणून बघ एकदा. दोन्हीकडे चौदा मात्रा, आणि थांबायचं नेमकं जिथे श्वास संपतो तिथे. टेबलावर बोटांनी ठेका धरला तर मागच्या बाकावरची मुलं पट्ट्या आपटत कविता म्हणायची, तो सगळा दंगा ऐकू येतो. खडूचा वाससुद्धा आला मला. बाळ तर फोनवरच ओरडला, की मामा, तुम्ही सोनं केलंत.

तुला आठवतं का, आपण दोघं एका सतरंजीवर बसून पाठांतर करायचो आणि तू दर वेळी शेवटच्या ओळीतला एक शब्द गिळायचीस? आणि वर म्हणायचीस की अर्थ तर कळला ना, मग झालं. अर्थ काय, कुणालाही कळतो, असं मी तुला ऐकवायचो. चाल सांभाळायला मात्र कान लागतो.

जिना उतरू नकोस. उतरलीसच तर कठडा सोडू नकोस. लोभाचं काय लिहायचं, तो तुझ्या पाळण्यापासूनचा आहे.

तुझा दादा

•

१९ फेब्रुवारी

ती. दादास,

चिमीचा सा. न. वि. वि. साष्टांग घालायला कंबर तयार नाही, तेव्हा खुर्चीतूनच गोड मानून घे.

भाषण टीव्हीवर पाहिलं. तुझी ओळ त्याने तीनदा म्हटली आणि तिन्ही वेळा लोकांनी बाकं वाजवली. आईचं मन, फुलून आलं. आता आमच्या गल्लीतल्या समोरच्या भिंतीवर ती निळ्या अक्षरांत रंगवली आहे. सकाळी पडदा सरकवला की पहिलं दर्शन तुझंच.

आता दुसरी गोष्ट. सरकारी घरसेवेची मदतनीस माझ्याकडे रोज सकाळी येते हे तुला माहीत आहेच. मला उठवते, आंघोळ घालते, खुर्चीत बसवते आणि मग तळमजल्यावर शिंपीबुवांकडे जाते. बुवांची उजवी बाजू गेल्या वर्षी गेली. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. तिने कूस बदलून दिली नाही तर माणूस आहे तसा पडून राहतो.

काल ती उभ्या उभ्याच सांगून गेली की नवा नियम आलाय. बाळच्या भाषणानंतर जो कायदा पास झाला, त्यातलाच. पुढच्या महिन्यापासून घरसेवा फक्त 'योगदान दिलेल्या' लोकांना, म्हणजे ज्यांच्या नावावर घर किंवा पेन्शन आहे त्यांनाच. माझी चालू राहील, बुवांची बंद. मला घर आहे, पेन्शन आहे, म्हणून मला मदत. त्यांना दोन्ही नाही, म्हणून त्यांना नाही. मी तिला दोनदा विचारलं, बाई, तू उलटं तर वाचलं नाहीस ना? ती म्हणाली, ऑफिसात सगळ्यांनी हेच विचारलं.

आणि योगदान नाही म्हणजे काय रे? त्या माणसाने जन्मभर घेतलेल्या दोऱ्याच्या प्रत्येक रिळावर कर होताच की.

आता उचलायला कुणी नसेल तर नगरपालिका त्यांना गावाबाहेरच्या निवारागृहात हलवणार. बुवांना फक्त आपल्या खोलीत, आपल्या शिलाई मशीनशेजारच्या पलंगावर राहायचंय, बाकी काही नको. मी म्हटलं, माझ्या खर्चाने बाई ठेवते. त्यांनी डावा हात कपाळाला लावला आणि नको म्हणाले. शेजारणीचं मिंधं होऊन रोज तिच्यासमोर पडून कसं राहू, सगळ्यांना मिळत होतं ते घेताना मान खाली जात नव्हती, म्हणाले.

तू बाळला लिही. मी सांगितलं की तो हो हो म्हणतो आणि घड्याळ बघतो. तुझं ऐकेल. वयाने मोठा आहेस, लोभही मोठाच ठेव.

तुझी चिमी

•

१ मार्च

चि. चिमीस,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्याच दिवशी बाळला लिहिलं. शिंपीबुवांसाठी नियमाला अपवाद कर, नाहीतर नियमच बदल, असं स्पष्ट लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही.

इकडची गंमत सांगतो. गंमत म्हणायची एवढंच. वाचनालयात आम्हा म्हाताऱ्यांचा अड्डा जमतो ना, तिथल्या फळ्यावर बँकेतल्या निवृत्त साहेबांनी माझी ओळ सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवली होती. आयत्या बिळावरचे नागोबा फार झालेत, देश पोखरला यांनी, असं त्यांचं रोजचं प्रवचन. मी कोपऱ्यात बसून मान डोलवत असे. ओळ माझी, डोलायला नको?

गुरुवारी बातमी आली की पेन्शनवाल्यांची वीजबिलातली सूट कमी होणार. अड्ड्यावर आग लागली. साहेबांनी त्याच फळ्यासमोर उभं राहून निषेधाचा अर्ज लिहायला घेतला. आम्ही भीक मागत नाही, हा आमचा हक्क आहे, जन्मभर कर भरलाय, असं प्रत्येक जण ओरडत होता. म्हटलं तर खरंही आहे. कुणीतरी हळूच म्हणालं की साहेबांच्या घरी तर दोन एसी आहेत. साहेब म्हणाले, म्हणूनच तर बिल जास्त येतं!

अर्ज फिरत फिरत माझ्याकडे आला. पेन आला, मी सही केली. राग आला नाही, लाजही वाटली नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, तसं काहीसं. आपलाच पाय आहे हे दिसतं, पण चिमटा काढला तरी कळत नाही.

शनिवारी खुद्द बाळचं निवेदन आलं, की ज्येष्ठांच्या सवलतीला कुणी हात लावणार नाही. उलट प्रवासाची अर्धी सूट आता पूर्ण होणार. वाचनालयात टाळ्या. फळ्यावरची ओळ तशीच आहे.

काळजी करू नकोस. बाळ उत्तर देईल.

दादा

•

८ मार्च

ती. मामांस,

बाळचा शि. सा. न. पत्र हाताने लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मला वर्गात उभं केल्यासारखं वाटतं.

शिंपीबुवांचं वाचून वाईट वाटलं. माझे शाळेचे शर्ट त्यांनीच शिवले. बाहीला आत चांगली रुंद दुमड ठेवायचे, मूल वाढत्या अंगाचं आहे म्हणून. आई दर वर्षी थोडी उसवायची आणि शर्ट पुन्हा नवा व्हायचा. दुमडीचं कापड कोरं असायचं, बाकीचं विटलेलं, त्यामुळे मनगटावर पट्टा दिसायचा आणि पोरं चिडवायची. सगळं आठवतं, मामा.

पण तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगतो, आणि हे तुमच्यापाशीच राहू द्या. तुमच्या विजेची सूट, प्रवासाची सूट, घरकर्जावरची करसवलत, या सगळ्यापुढे घरसेवेचा खर्च म्हणजे किस झाडकी पत्ती. हे आमच्या पक्षात प्रत्येकाला ठाऊक आहे. विरोधकांनाही ठाऊक आहे, म्हणून तेही गप्प आहेत. वाचनालयातल्यांच्या सवलतीला हात लावला तर अख्खं वाचनालय चालत येतं. बुवा कुठे चालत येणार? मी भाषणात स्वावलंबनावर बोलतो तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येकाला वाटतं, हा शेजाऱ्याबद्दल बोलतोय. म्हणून तर टाळ्या पडतात.

अपवाद करता येणार नाही. आईच्या इमारतीतल्या माणसासाठी केला तर उद्याच्या पेपरात मीच. निवारागृह चांगलं आहे, मीच उद्घाटन केलंय. बुवांना माझा नमस्कार सांगायला आईला सांगा.

रागावू नका. आणि एक विनंती. प्रवासाच्या सवलतीवर पुढच्या महिन्यात सभा आहे. ज्येष्ठांनी जन्मभर दिलं, आता घेण्याची पाळी त्यांची, अशा अर्थाची एक ओळ हवी आहे. पहिलीसारखीच, जिभेवर बसणारी. तुमच्याशिवाय कोण देणार? माया आहे तशीच असू द्या, गुण कमी दिलेत तरी चालेल.

तुमचा बाळ

•

४ एप्रिल

ती. दादास,

सा. न. बाळच्या पत्राची नक्कल तू पाठवलीस, ती मिळाली. वाचली. पुन्हा पाकिटात घातली.

नियम लागू झाल्यावर मी मदतनीस बाईला सांगितलं की माझ्या वेळेतला अर्धा वेळ खाली दे. मी आंघोळ एक दिवसाआड करीन. ती बिचारी हो म्हणाली. आठवडाभर बरं चाललं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापकीणबाईंनी तक्रार केली. त्यांच्याकडेही हीच बाई जाते, आणि खालून येते म्हणून तिला उशीर होतो. आपल्या हक्काची सेवा भलत्याला का, असं त्यांनी ऑफिसला कळवलं. मला भेटल्या तेव्हा गोड बोलल्या. चिमीताई, मन मोठं आहे तुमचं, पण शिस्त नको का, म्हणाल्या.

बाईला ताकीद मिळाली. ती पुन्हा खाली गेली तर मीच तिची तक्रार करायची, असं ऑफिसने मला कळवलं. म्हणजे मी लाभार्थी, म्हणून मीच पहारेकरी. दुसऱ्या दिवशी ती आली, मला आंघोळ घातली, आणि दारात थांबली. मी काही बोलेन म्हणून थांबली होती. मी बोलले नाही. दादा, मला माझी आंघोळ हवी होती. दुसरं काही कारण नाही.

परवा नगरपालिकेची गाडी आली. दोघांनी बुवांना चाकाच्या खुर्चीत बसवून दारात आणलं. मी कठडा धरून खाली गेले. मशीन तिकडे नेता येत नाही, म्हणून ते माझ्याकडे ठेवायला सांगितलं. आता ते माझ्या खिडकीशी आहे. गाडीचं दार उघडेपर्यंत खुर्ची भिंतीसमोर उभी होती. बुवांनी तुझी ओळ वाचली. हळूहळू, ओठ हलवत. मग त्यांचा चांगला पाय खुर्चीच्या पट्टीवर खालीवर व्हायला लागला, मशीनच्या पायडलवर व्हायचा तसा. म्हणाले, चाल छान आहे हो, या ठेक्यावर लांब शिवण सरळ जाईल. कुणी लिहिलंय, असं मला विचारलं.

मी माहीत नाही म्हणाले.

बाकी सगळं ठीक. तू लिहीत जा.

चिमी

•

१५ एप्रिल

चि. चिमीस,

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बरेच दिवस लागले. रोज बसतो, रोज ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर जातं, आणि मी उठतो.

आधी वाटलं, ओळ मोडून टाकावी. निदान आपल्यापुरती. आपण घडवलेली वस्तू आपल्याला मोडता येऊ नये म्हणजे काय? एक शब्द जास्त घातला, तिला लंगडी केली. मागणारे सगळे हात मागे. मग 'हात'च काढून टाकले. मग उलटी लिहून पाहिली, राबणारे मागे आणि मागणारे आधी. चौदाच्या चौदा मात्रा! तीही तशीच डौलात चालली. तिला काही फरकच पडला नाही, चिमे. मी मात्र डोळे मिटले की ती मूळ रूपात येते, आणि खालून पायडलचा आवाज येतो.

तू सतरंजीवर म्हणायचीस, अर्थ तर कळला ना, मग झालं. तेव्हा मी हसलो होतो. पोरांना मी चाल शिकवली, थांबायची जागा शिकवली, कुठे श्वास घ्यायचा ते शिकवलं. चांगली म्हणायची पोरं. बाळ सगळ्यांत चांगला म्हणायचा.

प्रवासाची पूर्ण सूट मला लागू झाली. पास घरपोच आला, वर माझा हसरा फोटो. मी तिकडे येईन. आपण दोघं निवारागृहात जाऊन येऊ. बुवांनी पुन्हा विचारलं तर कुणी लिहिलं ते मी सांगेन म्हणतो. सांगेन की नाही, ते तिथे गेल्यावर कळेल. गाडीत माझी जागा फुकट असेल, आणि स्टेशनच्या भिंतीवर ती ओळ आहेच, इथल्याही आणि तिथल्याही.

आणखी एक. बाळने दुसरी ओळ मागितली होती ना, मी त्याला उत्तरच दिलं नव्हतं. ठरवलं होतं की द्यायची नाही. आज सकाळी दाढी करताना ती आपोआप जुळली. मी काही केलं नाही, नुसता आरशासमोर उभा होतो. पहिलीपेक्षा चांगली आहे. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने उतरवून ठेवली.

पाठवलेली नाही.

खोडरबर हाताशीच आहे. खोडलेलीही नाही.

तुझा दादा