स्पेनच्या नदीला माझं पाणी

१० नोव्हेंबर, सकाळ
मुलाकडे ओमानला आलोय. नातीला, ब्रेंडाला, शाळेच्या प्रदर्शनासाठी स्पेनमधली एक नदी मिळाली आहे. लांबी म्हणे चाळीस किलोमीटर. आमच्या वसईत एवढ्याशा पाण्याला कोणी नावही ठेवत नाही. पहिल्या तिघी मस्कतच्या मोठ्या प्रदर्शनात जाणार. ब्रेंडाला जायचंच आहे. सूत्रं मी हाती घेतली. माझी शाळा सातवीपर्यंत, पण वाचन दांडगं.

११ नोव्हेंबर
तिच्या वहीतलं अर्धं पान वाचलं. उन्हाळ्यात नदी आटते, मासे डबक्यांत जगतात, काठाला कण्हेर. पुरे. आटली तर ती नदी कसली? थर्माकोलवर निळा रंग दिला, काठोकाठ.

१२ नोव्हेंबर
ब्रेंडा म्हणते, ग्रँडपा, एवढा पाणी नाय आहे तिकडे. मी म्हटलं, बाळ, पाहुण्याला कोणी रिकामी ताटली वाढतं का? बायको लुर्डस किचनमधून म्हणाली, आधी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घाला, स्पेनचं मग बघू. दुर्लक्ष केलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मुलगा रसेल सगळ्यांना मस्कतजवळच्या अमेरात गावाबाहेरच्या वादीत घेऊन गेला. वादी म्हणजे इथली नदी. आहे काय, तर गोटे. एका डबक्यात बोटाएवढे मासे, बाजूला कण्हेर. ब्रेंडा नाचायला लागली, सेम, ग्रँडपा, सेम! योगायोग, मी म्हटलं. रसेल म्हणाला, पप्पा, वहीत हेच तर आहे. हा कधी गेला स्पेनला?

१६ नोव्हेंबर
नदी बोडकी दिसत होती. वैतरणा आठवून काठाला तिवरं लावली, एक मचवा सोडला. स्पेनवाल्यांनीही शिकावं. ब्रेंडाने वही मिटली. पटलं असणार.

१८ नोव्हेंबर, दुपार
प्रदर्शन. परीक्षक बाईंनी विचारलं, उन्हाळ्यात या नदीतले मासे कुठे जातात? ब्रेंडाने माझ्या काठोकाठ नदीकडे पाहिलं. मी मागून मचवा दाखवत होतो.
शेरा: 'सुंदर मॉडेल. नदी कोणती?'
या बाईंना भूगोल कोणी शिकवला, देव जाणे.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ
निवड नाही. ब्रेंडा जेवली नाही.

१९ नोव्हेंबर
तिला विचारलं, डबक्यातले मासे जगतात कसे, मला जरा समजाव. ती म्हणाली, आता कशाला, ग्रँडपा. वही माझ्या मांडीवर ठेवून आत गेली.
अक्षर सुरेख आहे पोरीचं. नऊ पानं आहेत.