लीराचं माप

गोबारा,
१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पोर्ट हार्कोर्टहून पाठवलेलं तुझं पत्र आणि साबण पोचले. आईचा गुडघा तसाच आहे, तोंड मात्र अजून धडधाकट! नाताळच्या झग्यासाठी तुझ्या लीराचं माप विचारलंस. ते शेवटी लिहिते.

खाडीत अजून तेलाचा तवंग आहे. गेल्या वर्षी चिखल तपासायला साहेब आले होते आणि घरोघरचे फॉर्म भरायची नोकरी मला मिळाली होती, आठवतं ना? केवढी मिरवले मी! त्यात एक प्रश्न होता, पोरांच्या तोंडात चुकून किती चिखल जातो? बायका खवळल्या. नेमाकाकू म्हणाली, "आम्ही काय कोंबड्या आहोत गं, चिखल खायला? लिही, आमची पोरं हात धुऊन जेवतात!" मलाही साहेबांसमोर लाज वाटली. सगळीकडे शून्य लिहिलं. आपल्या लीराच्या नावापुढेही.

साहेबांनी गणित मांडलं. तोंडात जाणारा चिखल, गुणिले वर्षाचे दिवस, गुणिले चिखलातलं तेल. पहिलाच आकडा शून्य. 'मुलांना धोका नाही' असा अहवाल गेला आणि खाडी साफ करायला आलेली माणसं काम सोडून निघून गेली.

ताई, टोपलीची दोरी आपण कुठे धरतो गं? दातांत. गोगलगाई वेचायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून चिखलातून टोपली ओढायची ती दातांनी. तू मला शिकवलंस, मी लीराला. ती ओली, काळी दोरी दिवसभर तोंडात. यालाच ते चिखल खाणं म्हणत होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अक्कल चरायला गेली होती माझी!

'जरा थकते, वाढीचं वय आहे,' असं मी तुला दोनदा लिहिलं. खोटं लिहिलं. तिच्या हिरड्यांतून रक्त येतं. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त बनणंच बंद पडत चाललंय. "ही चिखल खाते का?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत लीराच म्हणाली, "छे! मावशीने लिहून दिलंय ना, आम्ही नाही खात."

मी तेव्हा डॉक्टरांना दोरीचं सांगितलं. ते म्हणाले, फार उशीर झाला.

काल माप घेतलं. गेल्या नाताळचा झगा तिच्या खांद्यावरून घसरतो. नवा शिवू नकोस. तूच ये, लवकर ये. मला काय बोलायचं ते बोल, मार हवं तर, पण आधी तिच्याजवळ बस.

जिच्या भरवशावर लेक ठेवून गेलीस, ती
नुबारी