भाषणातला बाप

बा, गेले चार दिवस तुला काहीतरी सांगायचं म्हणून वही घेऊन बसते आणि उठते. आजही दुपारी जेवण झाल्यावर बसले, दोन ओळी लिहिल्या, उठून कपडे वाळत घातले, परत आले, मग उगाच पाण्याची कळशी घासली. झालंय असं की तलासरीच्या एका शाळेने मला वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं आहे. मी आता इथे एका दवाखान्यात केसपेपर काढते, पण आसपास कुठे कार्यक्रम असला की माईक माझ्याच हातात देतात. बोलणारी बाई म्हणून लोक मला ओळखतात. शाळेतल्या बाईंनी गुणांचा तक्ता आधीच पाठवून दिला. विषयाची मांडणी, उच्चार, हावभाव, वेळेचं भान, प्रभाव. एवढेच रकाने. तो कागद हातात आल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

मी नववीत होते तेव्हाचं हे. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि त्या वर्षी ज्याला त्याला काही ना काही जिल्हास्तरीय भरवायचं होतं. एका संस्थेने व्यसनमुक्तीवर भाषणाची स्पर्धा ठेवली. तालुक्याची फेरी तलासरीत, आणि तिथून निवडलेल्यांची शेवटची फेरी डहाणूला. आमच्या आश्रमशाळेतून तोवर धावण्याशिवाय कशात कुणी नंबर आणला नव्हता. मराठीचे सर तरुण होते, घाटावरून आलेले. प्रार्थनेनंतर मी सुविचार वाचायचे तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू जातो, एवढ्यावरून त्यांनी मला निवडलं. रोज शाळा सुटली की पाण्याच्या टाकीमागे मला उभं करायचे आणि स्वतः लांब कुंपणापाशी जाऊन ऐकायचे. 'नाय' म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. 'हाय' म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. आठ दिवसांत मी जेवण वाढणाऱ्या मावशींनाही 'मला भाजी नको आहे' असं सांगायला लागले, आणि पंगतीतल्या मुली ताटात तोंड घालून हसायच्या.

पहिलं भाषण माहितीचं होतं. दारूने यकृताचं काय होतं, संसाराचं काय होतं. सर दोनदा ऐकून कंटाळले. म्हणाले, परीक्षकांना माहिती नको असते, त्यांना माणूस लागतो. मग त्यांनी विचारलं, तुझे वडील घेतात का. मी म्हटलं, ताडी घेतात कधीतरी, सगळेच घेतात. सरांनी वही मिटली. मग म्हणाले, समजा घेत असते. समजा त्यातच गेले असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीत नवीन भाषण लिहून आणलं, आणि त्यात 'समजा' कुठेच नव्हतं. त्यात तू रोज पिऊन यायचास, घरातली भांडी विकायचास, आणि मी सातवीत असताना मेलास. मी घाबरले. सरांना म्हटलं, असं बोलल्याने काही होईल का. ते म्हणाले, काय होणार आहे? तुझे वडील तिथे ऐकायला असणार आहेत का? सर वाईट माणूस नव्हते, बा. स्पर्धेसाठी माझा गणवेश त्यांनी स्वतः इस्त्री करून आणला होता.

तालुक्याच्या फेरीत माझा पहिला नंबर आला. सहा मिनिटांचं भाषण होतं. चौथ्या मिनिटाला एक वाक्य होतं, ते मला आजही पाठ आहे: 'मी आकडे शाळेत शिकले नाही, आईच्या पाठीवरचे वळ मोजता मोजता शिकले.' ते म्हटलं आणि सभागृहात कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. परीक्षक बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. नंतर त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, आता तूच आईचा आधार. मी 'हो' म्हटलं. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं, कशाचं होतं ते मात्र मला आजवर कळलेलं नाही. मग बाहेर येऊन मी दोन वडापाव खाल्ले आणि तिसऱ्याची इच्छा होती.

पुढचं मी पाहिलेलं नाही, तुझ्याबरोबर शेठच्या चिकूच्या वाडीत कामाला असलेल्या काकाने बऱ्याच दिवसांनी सांगितलं, तसं लिहिते. सकाळी चिकू उतरवून झाले होते आणि तुम्ही सगळे शेडमध्ये खोकी भरत होता. खोक्याला आतून रद्दी पेपर लावायचा, वर चिकूचा थर. तू एक पेपर उचललास आणि तुझा हात थांबला. तू चौथीपर्यंत शिकलेला, वाचताना ओठ हलायचे. काका म्हणाला, तू तेवढी बातमी दोनदा वाचलीस, तेवढा तुकडा फाडून घडी केलीस आणि खिशात घातलास. पण काकाने शेजारच्या गठ्ठ्यातून तोच पेपर काढला आणि मोठ्याने वाचला. माझा फोटो होता. दारूपायी वडील गमावलेल्या मुलीने सभागृहाला रडवलं, असं काहीतरी वर होतं. शेडमधले हसले. तू मेलास आणि आम्हाला सांगितलंही नाहीस, म्हणाले. शेठ गुजरातीत काय झालं विचारायला आला, त्यालाही दाखवलं. तूही हसलास म्हणे. खोकी भरत राहिलास.

पुढच्या रविवारी तू आलास, नेहमीसारखा, चारोटीला गाडी बदलून. फडक्यात बांधलेले चिकू होते. आपण फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसलो. तू आईचं सांगितलंस, भात झोडून झाल्याचं सांगितलंस, आणि मग खिशातून ती घडी काढून माझ्या मांडीवर ठेवलीस. मला वाटलं आता ओरडशील. तू म्हणालास, "मला ऐकव."

मी उभी राहिले. सुरुवात बदलली. आमच्या गावातल्या एका माणसाची गोष्ट सांगते, असं म्हटलं. तू हात वर केलास आणि म्हणालास, पेपरात तसं नाय, तिथं बोललीस तसं बोल. मग मी तसं बोलले. सरांनी शिकवलं होतं तसं, समोरच्याच्या डोक्याच्या थोडं वर बघत. मागे सडकेवरून गाड्या जात होत्या आणि मला आवाज चढवावा लागत होता. तुझ्या भांडी विकण्याचं बोलले, आईच्या पाठीवरच्या वळांचं बोलले, तुझ्या मरणाचं बोलले. कुठेही अडखळले नाही. संपल्यावर हात जोडून 'धन्यवाद' म्हटलं, तेही सवयीने. तू खाली बघत होतास. बराच वेळ नखाने चिकूवरची भुकटी खरवडत राहिलास.

मग म्हणालास, "मेलो ते राहू दे. त्याच्यावर नंबर मिळतो तर मिळू दे. पण आईला मारलं ते काढ. तिला मी कधी हात नाय लावला. तुला ठावं हाय."

मला ठावं होतं. आवाज चढला तर तूच अंगणात निघून जायचास, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ठावं होतं. तू विचारलंस, ते कुणी लिहिलं. मी म्हटलं, सरांनी. तू म्हणालास, मग सरांना सांग. एवढंच. पुन्हा तो विषय काढला नाहीस. चिकू अजून कच्चे आहेत, दोन दिवस तांदळात ठेव म्हणालास, आणि गाडी चुकेल म्हणून उठलास.

सोमवारी मी सरांना सांगितलं की वडिलांनी बातमी वाचली. ते लालबुंद झाले. वहीतली ती ओळ त्यांनी दोन रेघा मारून खोडली आणि तिथे 'घरातली शांती हरवली' असं काहीतरी लिहिलं. मी दहा-बारा दिवस तसाच सराव केला. टाकीमागे, अंघोळीच्या रांगेत, ताट घासताना. प्रत्येक वेळी त्या जागेवर आले की भाषण पायरी चुकल्यासारखं व्हायचं. सर कुंपणापाशी उभे असायचे, पण पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचे नाहीत.

डहाणूचं सभागृह स्टेशनपासून जवळच होतं. मुलं कुठून कुठून आली होती. काहींचे बूट बघूनच मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. माझ्या आधी सात जण बोलले आणि त्यातल्या चौघांच्या घरात कुणीतरी मेलेलं होतं. एकाचा काका, एकीचा भाऊ. परीक्षक पाण्याचे घोट घेत होते, एक जण तर खिडकीबाहेर बघत होता. माझं नाव पुकारलं. चौथ्या मिनिटाला मी त्या जागेवर आले आणि जुनं वाक्य म्हटलं. आईच्या पाठीवरचे वळ मोजता मोजता. खिडकीबाहेर बघणाऱ्याने मान वळवली. माझा दुसरा नंबर आला.

परतताना जीपमध्ये सरांनी ढाल मांडीवर धरली होती. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, बाबांना काय सांगशील. मी म्हटलं, चुकून तोंडातून गेलं म्हणून सांगेन. त्यांनी मान हलवली. पण मी तुला तेही सांगितलं नाही. होळीला घरी आले तेव्हा तू कुडाला शेण-माती लिंपत होतास. मागे न बघताच विचारलंस, काढलं का. मी म्हटलं, काढलं. मग तू वळलास. हात कोपरापर्यंत भरलेले होते. "काढलं आणि तरी दुसरा नंबर?" मी 'हो' म्हटलं. तू इतका खूश झालास, बा, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. तू ते आईला सांगितलंस, काकाला सांगितलंस, वाडीत शेठलाही सांगितलंस: पोरीने नको ते काढून टाकलं, तरी नंबर आणला. त्यानंतर खोक्यांना पेपर लावताना तू ते वाचायचास, की न बघता लावून टाकायचास? हे मला विचारायचं राहून गेलं. डहाणूच्या फेरीचीही बातमी आली होती.

त्यानंतर दोन पावसाळे गेले आणि तिसऱ्यात तुला कावीळ झाली. मी बारावीत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दारू किती वर्षं घेताय. रोजचाच प्रश्न असतो तो, आता मी खिडकीपलीकडे बसते म्हणून मला माहीत आहे. तू उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. आता आपण काय सांगायचं ठरलंय, असं विचारल्यासारखं. मी म्हटलं, घेत नाहीत, कधीतरी ताडी. माझ्या तोंडून ते निघालं तेव्हा मलाच ते पाठ केल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. त्यांनी विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही. नवव्या दिवशी तू गेलास.

घरी माणसं जमली. माझ्या आश्रमशाळेत जिची मुलगी होती अशी पलीकडच्या पाड्यातली एक बाई आली. आईजवळ बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, सुटलीस बाई, किती सोसलंस, पोरीने सगळं सांगितलं होतं. आई रडत होती, ती थांबली. तिने त्या बाईचा हात बाजूला केला आणि माझ्याकडे बघितलं.  महिन्याभराने तांदूळ निवडता निवडता विचारलं, तू काय सांगितलं होतंस. मी म्हटलं, स्पर्धेत बोलले होते. ती म्हणाली, "त्याला माहीत होतं?" मी म्हटलं, हो. ती पुढे निवडत राहिली. अजूनही कुणी तुझा विषय काढला की ती पहिलं वाक्य तेच बोलते, त्याने मला कधी हात नाय लावला. कुणी विचारलेलं नसतं. समोरच्याला वाटतं, म्हातारी असं का सांगते.

रविवारी स्पर्धा आहे. परीक्षक म्हणून जाईन की आजारी आहे म्हणून कळवेन, ते ठरत नाही. गेले तर कुणीतरी मुलगी उठून बापाचं सांगणारच, आणि मला तिला गुण द्यायचे आहेत. आतासुद्धा हे लिहिता लिहिता मी दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले. हे पान फाडून कुठे ठेवायचं तेही माहीत नाही, घरात आई असते आणि तिला हल्ली अक्षरं लावून वाचता येतं.

एक राहिलं. सर आता कुठे असतील ठाऊक नाही, पण तुझ्या मनात त्यांच्याबद्दल जे बसलं ते तसंच राहिलं. ते वाक्य सरांनी लिहिलेलं नव्हतं, बा. त्यांच्या वहीत तिथे ओळभर जागा मोकळी होती, ती मी भरली. आणि मला ते वाक्य फार आवडायचं.