डॉलर नको म्हणालो त्याची गोष्ट

९ मार्च

ति. ताईस,

साष्टांग नमस्कार. मी बरा आहे. वेळेवर जेवतो, स्वेटर घालतो, असं आईला सांग.

या महिन्याचेही पैसे बघून तू मला मनात चार शिव्या हासडल्या असशील. पगार कापलेला नाही गं. इथलं चलन आणखी गडगडलंय. पगाराचा आकडा तोच, पण त्याचे रुपये केले की जेमतेम निम्मे. बँकेच्या पाटीवर सकाळी एक भाव, मधल्या सुट्टीत दुसरा. मी मुलांना इंग्रजी धडा वाचायला लावतो आणि खिडकीतून पाटी बघतो.

बाकीच्या मास्तरांना झळ कशी नाही, हे तू दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी हवापाण्यावर लिहिलं. आता सांगतो.

सप्टेंबरात शाळेने आम्हा परदेशी मास्तरांना कागद दिला: वर्षभर पगार डॉलरमध्ये हवा की इथल्या चलनात? सगळ्यांनी डॉलर घेतले. कागद वाटत होती कचेरीतली हिशेबनीस. हो, तीच, जिचा फोटो तू मागतेस. ती म्हणाली, डॉलर घेणारे इथे राहायला आलेले नसतात. झालं, माझं डोकं फिरलं. उभ्याउभ्याच इथल्या चलनापुढे खूण केली आणि सही ठोकली. कॉलेज सोडलं तेव्हा तू म्हणाली होतीस, तुझं डोकं सही झाल्यावर चालू होतं. तसंच.

परवा तिला विचारलं, तुझं किती बुडालं? म्हणाली, "काहीच नाही. माझी साठवण डॉलरमध्ये आहे. मला इथेच राहायचंय ना, म्हणून." हसली असती तर भांडलो तरी असतो. तिला माझं खरंच वाईट वाटलं.

तुझ्या शिवणकामाच्या गाळ्याचं मात्र माझ्या शब्दावर ठरलंय, आणि मालकाला तू महिनाअखेर सांगितलीस. करारात वर्षातून एकदा घरी यायचं तिकीट असतं. ते नको म्हटलं की त्याचे डॉलर मिळतात. काल घेतले आणि तुला पाठवले. अनामत भागेल. या वेळी सही करण्याआधी दोन दिवस विचार केला, हे लिहून ठेव.

म्हणजे मे महिन्यात मी येत नाही. आईने माझी गादी उन्हात टाकायला घेतली असेल, तिला थांबव. तूच सांग. मी फोनवर सांगितलं तर ती रडेल आणि मी उगाच भांडण काढीन. मी त्या पोरीपायी थांबलो असं बाबांना वाटू देऊ नकोस. अगदीच खोटं नाही ते, पण गाळा आधी.

यंदा दारात न दिसणारा,
तुझा भाऊ